अष्टमीची भरती

कल्याणच्या कॉलेजात पीएचडीला नाव घातलेल्या मंडळींना शनिवारी सकाळी संशोधनातली नीतिमत्ता शिकवायची, हे काम सहा वर्षांपूर्वी हेमा आठल्येच्या गळ्यात पडलं. बाकीच्या प्राध्यापकांनी हात झटकले होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं सरळ माणूस आपल्या कॉलेजात नाही." कुणाच्या डोक्यावर काम टाकायचं असलं की आधी त्याच्या सरळपणाची आरती ओवाळतात, हे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या बाईला कळत नव्हतं असं नाही. तरी ती हो म्हणाली.

वर्गात वीस-पंचवीस जण असत. निम्मेअधिक स्वतःच कुठे ना कुठे शिकवणारे, नोकरीत कायम व्हायला पीएचडी हवी म्हणून आलेले. दोघंतिघं शीळफाट्याला अडकून उशिरा येत. घोडबंदरहून येणारा विनीत नावाचा कॉमर्सचा शिक्षक तर दर शनिवारी वीस मिनिटं उशिरा आणि रस्त्याला शिव्या देत येई. खरं तर त्याने त्या रस्त्यावरच पीएचडी करायला हवी होती. आठवड्याची सुट्टी मारून नीतिमत्ता ऐकायला लागते याचा राग सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असे, आणि तो हेमाला आवडे. निदान तो राग खरा असतो.

पुस्तकातली लांबलचक नावं बाजूला ठेवून ती फळ्यावर तीनच शब्द लिही: रचणं, वाकवणं, उचलणं. जे पाहिलंच नाही ते पाहिलं म्हणून लिहिणं म्हणजे रचणं. पाहिलं एक, लिहिलं सोयीचं दुसरं, ते वाकवणं. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवणं म्हणजे उचलणं. "उचलणारा हल्ली सॉफ्टवेअरला सापडतो," ती म्हणे. "वाकवणारा कधीमधी परीक्षकाला सापडतो. रचणारा मात्र सहसा सापडत नाही, कारण रचलेला आकडा नेहमी फार शहाण्यासारखा वागतो." मग ती सगळ्यांना आपापल्या नोंदींचं एक पान काढायला लावी, जोड्या करी, आणि समोरच्याने एकेका ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायचा: हे तू स्वतः पाहिलंस? पहिल्या ओळीला माणसं हसत. चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत हसू मावळे. एका वर्षी एक जण पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

या वर्षीच्या वर्गात संचिता भोईर होती. दिव्याकडची, सव्वीस वर्षांची, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. दिवा ते डोंबिवली खाडीतलं पाणी तीस वर्षांत किती बदललं आणि त्याने काठच्या तिवरांचं काय झालं, हा तिचा विषय. आज मोजायचं ते ती मोजत होतीच, पण तीस वर्षांपूर्वीचे आकडे कुठून आणायचे? ते तिला ग्रंथालयाच्या तळच्या कप्प्यात सापडले. हेमा आठल्ये यांचा प्रबंध. "मॅडम, तुमच्यावर किती धूळ होती माहितीय?" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि हेमा मनातल्या मनात हरखली होती. आपला प्रबंध कुणी उघडेल ही आशा माणूस सोडून देतो; मग कुणी उघडला की लाजायला होतं.

त्या शनिवारी जोड्या पडल्या तेव्हा संचितासमोर विनीत आला. त्याने बोट ठेवून विचारलं, "हे तू स्वतः पाहिलंस?" ती म्हणाली, "नाय, हे मॅडमनी पाहिलंय," आणि वर्ग हसला. हेमाही हसली. पण तास संपून सगळे पांगले तरी संचिता बाकावरच बसून राहिली होती.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की गं."

तिने एक झेरॉक्स उलगडली. टाइपरायटरवरचा तक्ता, हेमाने ओळखला. "ही ओळ बघा ना. दोन मार्च सत्त्याण्णव. पूर्ण भरतीची वेळ तुम्ही दुपारी पाऊण दिलीय. पण मी जुनं पंचांग काढून बघितलं, त्या दिवशी माघ वद्य अष्टमी होती."

"मग?"

"आमचे आजोबा खाडीत जाळं लावायचे ना, ते बोलायचे, तितीची पाऊनपट कर न् पान्याला जा. म्हणजे तिथी आठ, तिची पाऊणपट सहा. सहा वाजता समुद्राला भरती. डोंबिवलीपर्यंत पाणी चढायला दीड तास धरा, साडेसात. पाऊण वाजता तिथे सुकती असणार मॅडम. होडी सोडा, तिथे बदक पण तरंगणार नाही." ती दम घ्यायला थांबली. "बाकीच्या सगळ्या ओळी एकदम परफेक्ट जुळतात. अमावास्या-पौर्णिमेला तर बरोब्बर पाऊणच येतात. ही एकच ओळ गडबड आहे. टायपो असेल ना? टाइप करताना वरच्या ओळीतली वेळ खाली आली असेल."

हेमाने त्या ओळीकडे पाहिलं. चौदा रकाने, चौदा आकडे, दशांशासकट.

"हो," ती म्हणाली. "असेल."

"मग मी साडेसात धरते हां. थँक्यू मॅडम. मला उगाच टेन्शन आलेलं."

संचिता गेली. फळ्यावर अजून तीन शब्द होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून हेमा उभी होती. सहा वर्षं ती लोकांना जे करू नका म्हणून सांगत आली, ते करायला तिला दोन शब्द पुरले होते. तिने डस्टर घेतलं आणि फळा पुसायच्या आधी खुर्चीतच बसली.

ती ओळ टायपो नव्हती.

तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत ती आणि आनंद टिपणीस एकाच सरांच्या हाताखाली काम करत. तिचं तिवर, त्याचे मासे, आणि पाणी दोघांचं सामाईक. दर अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं आणि दर अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी बाटल्यांत भरायचं, मोजायचं, तक्त्यात लिहायचं. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून देवराम नावाचा होडीवाला त्यांना घेऊन जाई. दीड वर्षात दोघांचं बोलणं किती, तर "आठल्ये, बाटली द्या," आणि "टिपणीस, तापमान लिहा." अहो-जाहो अशी कडक, की देवराम एकदा म्हणाला, "तुमी दोगा काय कोर्टात हाव काय?"

त्या रविवारी देवरामच्या पुतणीची हळद होती. "होडी न्या," तो म्हणाला, "पन सुकती लागायच्या आधी माघारी या. रेंद्यात रुतलात तर सांजच्या पान्याबिगर सुटका नाय." आनंदला वल्हवता येत होतं. सकाळी सातला निघाले. सगळ्यात लांबच्या जागेपासून सुरुवात करू म्हणून वर वर गेले. तिथे पोचल्यावर आनंद वल्हं मांडीवर ठेवून पाण्याकडे पाहत म्हणाला, "आठल्ये, मी एफवायला नापास झालो होतो. घरी सांगितलं नव्हतं."

ती गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. सहा महिने तो रोज कल्याणच्या घरून डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघायचा आणि शहाडला नदीच्या पुलावर जाऊन बसायचा. खाली उल्हास नदीतले मासे बघत. "मासे मी तिथेच शिकलो," तो म्हणाला. "वडिलांनी एकदा जरी विचारलं असतं ना, तर सांगून टाकलं असतं. ते विचारायचेच नाहीत."

मग हेमाने त्याला सांगितलं की तिला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. दीड वर्ष ती दर खेपेला परत बंदराला लागेपर्यंत होडीची कड घट्ट धरून बसते.

आनंद तिच्याकडे बघतच राहिला. "मग कशाला येतेस?"

येतेस. दोघांनाही ऐकू आलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

"तिवर पाण्यातच उगवतं रे," ती म्हणाली. "काय करू?" खरं उत्तर वेगळं होतं. ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि तिथेच राहिलं.

तोवर पाणी सुटलं होतं. होडीच्या बुडाला चिखल लागला तेव्हा दोघं भानावर आले, आणि तेव्हा उशीर झाला होता. दहा वाजल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत ती दोघं चिखलाच्या मधोमध होडीत बसून होती. आजूबाजूला निवट्या, त्या चिखलातल्या मासोळ्या, टुणटुण उड्या मारत होत्या. लांबून हळदीच्या घरचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. तिच्या डब्यात थालीपीठ होतं, त्याच्या डब्यात आईने केलेली कोलंबीची खिचडी. आठल्यांच्या सात पिढ्यांत कुणी कोलंबी खाल्ली नव्हती. हेमाने तीन घास खाल्ले आणि म्हणाली, "घरी कळलं तर मला बाहेर जेवायला वाढतील." तो इतका हसला की होडी हलली, आणि तिला भीती वाटली नाही. दिवसभर एकदाही वाटली नाही. चौदा बाटल्या खोक्यात रिकाम्या खुळखुळत होत्या, त्यांची कुणाला आठवणही झाली नाही.

संध्याकाळी पाणी आलं, होडी सुटली. बंदरावर देवरामने दोघांना आधी झापलं आणि मग मांडवात नेलं. त्याची बायको गंगुबाई दिसेल त्याला हळद फासत होती, तिने या दोघांनाही फासली.

हेमाने घरी जाऊन तोंड खसाखसा धुतलं. पण कानामागे राहिलंच. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचा शिपाई मारुती चहा ठेवता ठेवता म्हणाला, "काय आठल्ये मॅडम, हळद लागली वाटतं?" चार टेबलांवरची माणसं हसली. आनंद अजून यायचा होता. सर शेजारच्या खोलीत होते आणि अकराला तक्ता बघणार होते.

रिकामी ओळ सरांना दाखवायची म्हणजे काय सांगायचं? दोघं दिवसभर होडीत, देवराम नाही, आणि बाटल्या कोरड्या? आज कुणी ऐकलं तर म्हणेल, मग काय झालं. तेव्हा होत होतं. हेमाची कानशिलं तापली आणि तिने पेन उचललं. मागच्या अष्टमीचे आकडे समोर ठेवले, कुठे थोडं वर, कुठे थोडं खाली. खाडी तिला इतकी पाठ झाली होती की दहा मिनिटांत चौदा रकाने भरले. घाईत वेळ तेवढी वरच्या, पौर्णिमेच्या ओळीतली उतरली.

आनंद आला तेव्हा तिने तक्ता त्याच्यासमोर सरकवला. त्याची सही लागायची. त्याने ती ओळ पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत वाचली.

"छान भरलंत तुम्ही," तो म्हणाला, आणि सही केली.

तुम्ही. तिला वाटलं, शहाणा माणूस आहे, चारचौघांत सांभाळून घेतोय. पुढच्या अमावास्येला होडीत परत तू म्हणेल. अमावास्या आली. "आठल्ये, बाटली द्या," तो म्हणाला. ती अष्टमीची वाट बघू लागली. अशा कितीतरी अमावास्या आणि अष्टम्या गेल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याला कोचीला नोकरी लागली. निरोपाच्या चहाला त्याने सगळ्यांना नमस्कार केला तसा तिलाही केला. दोघांच्या नावाने पाण्याचा निबंध छापून आला तेव्हा त्याची प्रत टपालाने आली, सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट तिने दोनदा उलटं करून झटकलं होतं.

हेमाचं लग्न जमलं नाही असं डोंबिवलीत सगळे म्हणत. जमलं नाही हे काही खरं नाही. तिने जमू दिलं नाही. तिची काही दुःखी कहाणी वगैरे झाली नव्हती. नोकरी होती, आई होती तोवर आई होती, मैत्रिणी होत्या. पण वर्षातून एकदोनदा ती कपाटातून प्रबंध काढी, एकसष्टावं पान उघडी आणि त्या ओळीवर बोट ठेवी. त्या दिवसाचा फोटो नव्हता, चिठ्ठी नव्हती, साधं बसचं तिकीट नव्हतं. लिहिलेलं असं काय ते एवढंच होतं. ओळ खोटी होती, पण तिची होती. ती खोडायची म्हणजे दोन मार्च सत्त्याण्णव हा दिवस खोडायचा, असंच तिला वाटत आलं होतं.

बुधवारी संचिताने आपलं प्रकरण वाचायला पाठवलं. तळटीप होती: मूळ तक्त्यातील वेळेची टंकनचूक डॉ. हेमा आठल्ये यांच्याशी प्रत्यक्ष बोलून दुरुस्त केली आहे. खाली निष्कर्ष होता, आणि भांगाच्या पाण्याचा खारटपणा वाढला की नाही हे ज्या ओळींवरून ठरवलं होतं, त्यांत ती ओळ तिसरी होती. पोरीने रचलेल्या आकड्यावर खरं घर बांधायला घेतलं होतं, आणि पायाशी हेमाचं नाव कोरलं होतं.

हेमाने तिला गुरुवारी दुपारी बोलावलं.

"संचिता, ते टायपो नाही. ती अख्खी ओळ मी रचलेली आहे. त्या दिवशी आम्ही पाणी घेतलंच नव्हतं."

संचिताने वळून दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी नाही बोलणार कुणाला. आईशप्पथ. एकच ओळ आहे ना, मी गुपचूप काढून टाकते. कोण बघतंय?"

"तू बघितलंस की."

"पण तुमचं नाव खराब होईल. तुम्ही तर हेच शिकवता."

"म्हणूनच. काढशील तेव्हा का काढली हे लिहावं लागेल, आणि ते मी सही करून देईन. विद्यापीठाला मी कळवते, निबंध छापणाऱ्यांनाही."

संचिताने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मॅडम, का भरलेली? सर ओरडले असते?"

"लाज वाटली म्हणून," हेमा म्हणाली. मुलीला ते कळलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि न कळण्याचा हेमाला मनापासून हेवा वाटला.

प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, तीस वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता? दोन वर्षांत रिटायर व्हाल." नियतकालिकाच्या संपादकांचं उत्तर मात्र चटकन आलं: दुरुस्ती छापू, पण दोन्ही लेखकांची संमती हवी.

दोन्ही लेखकांची.

कोचीच्या संस्थेच्या वेबसाइटवर त्याचा फोटो होता. केस सगळे पांढरे, चष्मा जाड, पण वल्हं धरायला पुढे वाकायचा तसेच खांदे. हेमाने पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडली. तुम्ही लिहावं तर तो दिवस झालाच नाही असं होत होतं. तू लिहावं तर कुठल्या हक्काने? तिने तू लिहून खोडलं, तुम्ही लिहून खोडलं. शेवटी जे पत्र गेलं त्यात "सोबत तक्ता जोडला आहे, कृपया पाहावा", "संमती असल्यास कळवावे", "दोष संपूर्ण माझा आहे, सहलेखकाला याची कल्पना नव्हती" अशी सगळी वाक्यं होती. मराठी भाषेत समोरच्याला हाकच न मारता अख्खं पत्र लिहिता येतं. सरकारी कचेऱ्यांना ही सोय कधीची ठाऊक आहे.

मंगळवारी दुपारी, प्रात्यक्षिकं आटोपून ती टेबलाशी बसली तेव्हा उत्तर आलेलं होतं.

हेमा,

संमती आहे. फक्त एक वाक्य बदल. सहलेखकाला कल्पना नव्हती असं तू लिहिलंयस, ते खोटं आहे. मी तिथे होतो. चौदाच्या चौदा बाटल्या मीच कोरड्या परत आणल्या होत्या. कल्पना होती आणि सही केली, असं लिही. दोष अर्धा माझा आहे.

आता दुसरं. हे दुरुस्तीत घालायचं नाही.

रविवारी रात्री घरी गेल्यावर मी आईला सांगितलं होतं की पाडव्याला आपल्याला डोंबिवलीला एका घरी जायचंय. तुला विचारायचं सोमवारी ठरवलं होतं. प्रयोगशाळेत आलो तर तू तक्ता पुढे सरकवलास. सगळे रकाने भरलेले, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं, हेच उत्तर आहे. त्या दिवशी काही घडलंच नाही, नेहमीसारखं काम झालं, असं तुला हवंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी मी ती नापास झाल्याची गोष्ट सांगितली होती, आणि त्या जागी पाण्याचं तापमान होतं. मग मी तुम्ही म्हणालो. तू काही बोलली नाहीस, तेव्हा खात्रीच झाली.

विचारायला हवं होतं. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती, हे तुला सांगितलंच होतं.

इथे सगळं ठीक आहे. बायको शाळेत शिकवायची, आता घरी असते. मुलीला जूनमध्ये बाळ होईल. पाण्याची भीती गेली का गं?

आनंद

हेमाने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला लागली तर अक्षरं धड दिसेनात. बाहेर मुलं जिन्यावरून दडदडत उतरत होती. मारुती काय म्हणाला ते तिने आनंदला कधीच सांगितलं नव्हतं. तो दिवस लपवायचा होता तो सरांपासून, मारुतीपासून, चार टेबलांवरच्या माणसांपासून. आणि लपला तो फक्त एकाच माणसापासून. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडली. किती वेळ ते तिने मोजलं नाही.

उत्तरात तिने एवढंच लिहिलं: वाक्य बदललं आहे. तुझी सही लागेल. भीती गेलेली नाही, पण त्या दिवशी वाटली नव्हती.

शनिवारी तिने वर्गात तोच तक्ता पडद्यावर लावला. ओळ दाखवली, तारीख सांगितली, पाऊणपटीचा हिशेब संचिताला फळ्याशी बोलावून मांडायला लावला. मग म्हणाली, "ही ओळ मी रचली." पुढे काय केलं, कुणाला कळवलं, दुरुस्ती कशी छापतात, हे तिने नेहमीच्याच आवाजात सांगितलं. होडीतलं काही सांगितलं नाही.

विनीतने हात वर केला. त्या दिवशी तो कधी नव्हे तो वेळेवर आला होता. "मॅडम, राग मानू नका. एवढ्या मोठ्या तक्त्यात एक ओळ. आकडे पण जवळपास बरोबरच असणार, तुम्हाला खाडी पाठ होती. पूल पडला नाही, कुणी चुकीचं औषध खाल्लं नाही. मग नुकसान झालं कुणाचं?"

या प्रश्नाचं तयार उत्तर तिच्याकडे होतं. विश्वास, ज्ञानाची परंपरा, पुढच्या पिढीचं काम. सहा वर्षं ती ते देत आली होती आणि ते खोटंही नव्हतं. ती पडद्याजवळ गेली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आपण रचतो तेव्हा आपल्याला वाटतं, वाचणारा तिथे नव्हता, त्याला काय कळणार," ती म्हणाली. "ही ओळ वाचणारा तिथे होता. दिवसभर माझ्यासमोर बसला होता. त्याने ही ओळ वाचली आणि त्याला वाटलं, मीच तिथे नव्हते."